आधी उट्टं, मग मीठ

गोडबोल्याची जिरवायचीच, हे मी त्याच्या काचेच्या दारातून बाहेर पडतानाच ठरवलं. कशी, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मी कपडे दुरुस्त करणारी बाई. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, तुटलेल्या चेनी बसवणं, यात माझा दिवस जातो. मोठ्या कंपनीच्या माणसाशी वैर धरायला लागतं त्यातलं काहीच माझ्याजवळ नव्हतं. राग मात्र भरपूर होता, आणि तो काही मी कुणाकडून उसना आणलेला नव्हता.

गोडबोल्या हे त्याचं खरं नाव नाही, हे काय सांगायला हवं? टॅबलेट बनवणाऱ्या एका बड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा तो मॅनेजर. छातीवर नावाची पट्टी होती, पण मी ती वाचली नाही. हा माणूस वाईटातली वाईट बातमी इतक्या गोड आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. अशा माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. शिव्या देणारा परवडला, निदान तो काय बोलतोय ते कळतं.

माझा नवरा बस डेपोत उद्घोषक होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, कुठली येणारच नाही, हे आयुष्यभर त्यानं माइकवर सांगितलं. आवाज असा की डेपोसमोरच्या दुकानदारांनाही गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. सगळे त्याला भोंगा म्हणत, मीही भोंगाच म्हणते. घरात जेवताना मीठ मागायचा ते सुद्धा फलाट क्रमांक चारवर मागितल्यासारखं. मी म्हणायची, अरे, मी समोर बसलेय, मागच्या गल्लीत नाही. मग एकदा त्याचा आवाज बसला तो उठेना, आणि तपासण्यांमध्ये घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. भोंग्यानं बसलेल्या आवाजातच विचारलं, की मग उरणार काय?

ऑपरेशनपर्यंत थोडे आठवडे हातात होते. औषधांनी आवाज बराच सुटलाही होता. माझ्या बहिणीच्या मुलीला यंत्रांचं भलतंच वेड. बाजारात नवीन काही आलं की ते हिच्या घरी येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे अवयव टेबलावर मांडलेले असतात. नोकरी करते, संसार करते आणि उरलेल्या वेळात स्क्रू काढते. तिनं आमच्यासाठी एक ॲप शोधलं. आधी आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवायची आणि प्रत्येक वाक्याला एक चित्र द्यायचं. मग चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट ते वाक्य आपल्याच आवाजात बोलतो.

रस्त्याचा गोंगाट नको म्हणून आम्ही माझ्या कामाच्या खोलीत, दुरुस्तीला आलेल्या कोटांच्या रांगेत स्टुलं टाकून बसायचो. आधी त्यानं शहाण्या माणसासारखी उपयोगाची वाक्यं बोलून ठेवली. भूक लागली, दुखतंय, डॉक्टरांना बोलवा. मग गाडी रुळावरून घसरली. मला तो सुई म्हणतो, एक तर धंदा तो, आणि दुसरं म्हणजे स्वभाव. तर ‘सुई’ ही हाक त्यानं कितीतरी तऱ्हांनी बोलून ठेवली. रागावल्यावरची, चहा हवा असतानाची, चूक स्वतःची असतानाची. शेजारच्या कुत्र्याला घालायच्या शिव्या वेगळ्या आणि कुत्र्याच्या मालकाला घालायच्या वेगळ्या. भांडणात लागणारी वाक्यं तर त्यानं इतकी भरली की मी म्हटलं, अरे, एखादं वाक्य मला हरायला ठेव. हसता हसता त्याला ठसका लागला. तो ठसकाही त्यात राहिला, आम्ही काढला नाही.

भाची म्हणाली होती की या सगळ्याची एक प्रत क्लाउडवर ठेवा, म्हणजे कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर सुरक्षित राहील. भोंगा काही केल्या ऐकेना. ज्यानं जन्मभर आपला आवाज येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानात फुकट ओतला, त्याला आता तो परक्याच्या घरी ठेवायचा नव्हता. माझा आवाज भाड्याच्या खोलीत राहणार नाही, म्हणाला. मलाही ते पटलं. भाचीनं कपाळाला हात लावला.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या खालच्या अंगाला श्वासाचं भोक आलं, त्यावर बांधायला मी मऊ कापडाचे रुमाल शिवले, शर्टाच्या रंगाला मिळणारे. घशाला टेकवून बोलायचं एक यंत्र हॉस्पिटलनं दिलं होतं. त्यातून पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज यायचा, म्हणून ते एकदा वापरून ड्रॉवरमध्ये गेलं. टॅबलेटवर मात्र भोंगा पूर्वीसारखाच भांडायला लागला. मी काही बोलायच्या आत बोट चित्रावर. म्हणजे माणसाशी हरत नव्हते ती मी पाटीएवढ्या यंत्राशी हरायला लागले. बरं चाललं होतं आमचं.

मग टॅबलेट चार्ज होईना. वायर बदलली, सॉकेट बदललं, फुंकर मारून झाली, काही उपयोग नाही. भाची म्हणाली की मी उघडते, पण भोंग्याला तिचं ते टेबल आठवलं. त्यानं कागदावर लिहिलं, कंपनीच्या माणसांकडेच जाऊ. म्हणून आम्ही कंपनीच्या काचेच्या दारातून आत गेलो, टोकन घेतलं आणि गार हवेत बसून राहिलो. मी घरूनच एक चिठ्ठी लिहून टॅबलेटच्या पाठीवर चिकटवली होती. आतलं काहीही पुसू नये, यात माझ्या नवऱ्याचा आवाज आहे. काउंटरवरच्या मुलीनं मॅनेजरला बोलावलं. गोडबोल्या आला, चिठ्ठीवर नजर फिरवली, आणि म्हणाला की ताई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा.

परत घ्यायला गेलो तेव्हा टॅबलेट चकाचक पुसलेला होता. माझी चिठ्ठी गायब. भोंग्यानं तो तिथेच सुरू केला. कोरा करकरीत पांढरा पडदा आला, आणि त्यावर अक्षरं आली: ‘नमस्कार! आपली भाषा निवडा.’

मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं की चित्रं कुठे गेली. तिनं पुन्हा मॅनेजरला बोलावलं. तो हसत आला. रिसेट करणं हा आमच्या दुरुस्तीचा भागच असतो, असं त्यानं मला समजावलं. मी म्हटलं, चिठ्ठी होती. तो म्हणाला, अशा चिठ्ठ्या सिस्टिममध्ये येत नाहीत. मग मान जराशी तिरकी करून, लहान मुलाला विचारावं तसं त्यानं विचारलं.

“मॅडम, आपल्या डेटाची काळजी आपणच घ्यायची असते ना? बॅकअप घेतला नव्हता का?”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्यातून त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, म्हणून तर जास्तच. शेजारी भोंग्यानं तोंड उघडलं. सवयच ती, अन्याय दिसला की छाती भरून ओरडायची. छाती भरली, तोंड उघडलं, आणि गळ्यावरचा रुमाल तेवढा हलला. गोडबोल्यानं ते पाहिलं. आणि आमच्याकडून तुम्हाला स्क्रीनचं कव्हर मोफत, असं म्हणाला.

भाचीनं टॅबलेट आठवडाभर स्वतःकडे ठेवला. घेऊन परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं सांगितलं की मावशी, या यंत्रांमध्ये सगळं कुलपात ठेवलेलं असतं आणि रिसेट केलं की यंत्र किल्लीच वितळवून टाकतं. आत असलं तरी नसल्यासारखं. जगातला कुणी ते उघडू शकत नाही. टोस्टरपासून ड्रोनपर्यंत सगळं जिवंत करणारी ही पोरगी, तिनं हात टेकले म्हणजे संपलं.

भोंगा गप्प झाला, आणि आता खरंच गप्प झाला. टॅबलेटवर अक्षरं टाइप केली की एक बाई ती वाचून दाखवायची, कुठल्याशा जाहिरातीतल्यासारखी. त्यानं एकदा ऐकलं आणि बंद केलं. एक छोटी पाटी घेतली, खडूनं लिहायला लागला. पण पाटीवर कोण भांडणार? लिहून होईपर्यंत माझं दुसरं वाक्य सुरू झालेलं असायचं. हळूहळू तो फक्त कामापुरतं लिहायला लागला. चहा. औषध. दार. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरात भांडण नव्हतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

डेपोतल्या ड्रायव्हर लोकांचे गणवेश माझ्याकडेच दुरुस्तीला येतात. असाच एक गठ्ठा पोचवायला मी गेले होते. फलाटावर उभी राहून पावती घेतेय, तेवढ्यात डोक्यावरच्या कर्ण्यातून भोंगा बोलला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, ठीक पाच वाजता सुटणारी गाडी आज उशिरा सुटेल. मी गठ्ठा खाली ठेवला. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं नाही. निवृत्तीच्या आधी डेपोत कॉम्प्युटर आला होता, तेव्हा त्याच्या आवाजात सुटे सुटे तुकडे भरून घेतले होते, आकडे, गावं, कारणं, सूचना. कॉम्प्युटर लागेल तसे ते जोडून वाजवत होता. माहीत होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. माझा नवरा घरात मुका होता आणि इथे दिवसभर ओरडत होता.

मी तशीच जिना चढून नियंत्रण कक्षात गेले. तिथली बाई भोंग्याच्या हाताखाली तयार झालेली. मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, आवाज सरांचा आहे, मी कुणाला कशाला विचारू? आणि सगळे तुकडे पेनड्राइव्हवर घालून माझ्या हातात ठेवले. वर एक जुनी टेपही दिली, कॉम्प्युटर यायच्या आधीची, त्यात तो माइक चालू राहिलाय हे विसरून कुणाला तरी झापतोय.

भाचीनं आधी सोपा रस्ता सुचवला. हे तुकडे एका कंपनीच्या कॉम्प्युटरला ऐकवायचे, मग तो कॉम्प्युटर त्याच आवाजात काहीही बोलतो. तिनं आपल्या मशीनवर थोडंसं करून दाखवलं. आवाज भोंग्याचाच होता, पण इतका गुळमुळीत आणि अदबशीर, की भोंग्यानं दोनच वाक्यं ऐकून पाटीवर लिहिलं, ‘हा कोण जावई?’ आणि पूर्ण करायचं तर आवाज बाहेर पाठवावा लागणार होता. आता तर तो मुळीच तयार होईना. मग भाचीनं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आवाज कापायचा-जोडायचा एक प्रोग्रॅम घालून दिला आणि दोन दुपारी माझ्याशेजारी बसून शिकवलं. चूक झाली की एक बटण दाबून मागे जा, मावशी, कापडासारखं वाया जात नाही, म्हणाली. हे मला फार आवडलं.

पडद्यावर आवाज दिसतो, दातेरी काठासारखा. जिथे दाते मोठे तिथे जोर, जिथे सपाट तिथे श्वास. शब्द कुठे कापायचा हे आधी डोळ्यांनी बघायचं आणि मग कानांनी. दोन तुकडे नुसते शेजारी ठेवले तर जोड टोचतो, थोडा थोडा एकमेकांवर चढवावा लागतो, शिवणीला दाब ठेवतो तसा. जन्मभर हेच तर केलं मी. कॉम्प्युटरला मी घाबरत होते ते उगीचच. चार दिवसांत माझा हात बसला, आठवड्यात मी भाचीला सांगायला लागले की तुझा जोड ऐकू येतोय.

पहिलं काय बनवायचं, यावरून आमचं वाजलं. भोंग्यानं घरातल्या शब्दांची भलीमोठी मागणी केली, आणि सगळ्यात वर होतं मीठ. डेपोच्या सूचनांत मीठ कुठून येणार? पण ‘ठीक पाच वाजता’ मधला ठ होता, ‘मिनिटे’ होतं, जमलं असतं. मी म्हटलं, नंतर. मला आधी त्या गोडबोल्याचं उट्टं काढायचंय. त्यानं पाटीवर मोठ्ठं लिहिलं, ‘आधी मीठ.’ मी म्हटलं, आधी उट्टं, मग मीठ. तो रुसून दुसऱ्या खोलीत गेला. आणि मी दार लावून कामाला बसले. डेपोच्या आवाजात सामान होतं, फलाट होता, हरवणं होतं, दिलगिरी होती. मला हवं ते बहुतेक सगळं तयारच होतं.

झाल्यावर त्याला ऐकवलं. तो पहिल्यांदा नाक मुरडून ऐकत होता. संपलं तेव्हा त्यानं पुन्हा लावायची खूण केली. तिसऱ्यांदा ऐकताना तो उठून उभा राहिला, माइकसमोर राहायचा तसा, ताठ. मग आत जाऊन डेपोचा जुना कोट घालून आला.

आम्ही शनिवार निवडला. सेंटर गच्च भरलेलं, सगळ्यांच्या हातात टोकनं. भोंगा दारातून आत आला, काउंटरसमोर मधोमध उभा राहिला, भाचीचा छोटा स्पीकर कोटाच्या खिशात, टॅबलेट हातात. एक बोट ठेवलं.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. या फलाटावर दिलेले सामान परत मिळणार नाही. आपल्या सामानाची काळजी आपण स्वतः घ्यावी. हरवलेल्या वस्तूंची जबाबदारी कोणीही घेणार नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

काय शांतता पसरली म्हणून सांगू. हा आवाज ऐकला की मुकाट्यानं ऐकायचं, ही शहराची जुनी सवय. काहींना तर तो ओळखू आला, एक म्हातारे गृहस्थ चक्क उभे राहिले. लोक स्वतःच्या हातातल्या फोनकडे बघायला लागले. एका बाईनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं की तुम्ही माझे फोटो पुसणार का. मुलीला खोटं बोलता येईना, तिनं मागे वळून मॅनेजरकडे पाहिलं. तेवढं पुरलं. टोकनं काउंटरवर ठेवून लोक उठायला लागले. पहारेकरी जवळ आला, पण भोंगा ना ओरडत होता, ना शिवी देत होता. गोडबोल्या हसत हसत आला आणि सर, सर, म्हणत राहिला. भोंग्यानं पुन्हा बोट ठेवलं. माझ्या जिवाला इतका गारवा वाटला की मी पर्समधून कव्हर काढलं, ते मोफत दिलेलं, आणि त्याच्या हातात परत दिलं.

आम्ही रोज जायला लागलो. कधी आत, कधी हाकललं तर दाराबाहेर. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तो एकाकडून दुसऱ्याकडे असा फिरत फिरत भाचीच्या ऑफिसात पोचला. लोक आपापल्या कहाण्या सांगायला दाराशी थांबायचे. कुणाच्या बाळाची पहिली पावलं गेली होती, कुणाची तयार झालेली चित्रं. काही हौशी पोरं आपणहून आली आणि रांगेतल्या लोकांना आत जायच्या आधी प्रत कशी काढायची ते शिकवायला लागली, पदपथावर टेबल मांडून. भाची त्यांच्यात सामील झाली. शेवटी कंपनीनं मान तुकवली. आता ग्राहक स्वतः हो म्हणाल्याशिवाय तिथे काही पुसत नाहीत, आणि आधी प्रत काढून देतात. मॅनेजर बदलला. गोडबोल्याला घरी बसवलं, असं काउंटरवरच्या मुलीनं मला सांगितलं. मी त्या दिवशी बाजारातून येताना गाणं म्हणत होते.

मग आमचं मीठ सुरू झालं. रोज थोडे थोडे शब्द मी जोडत गेले. मीठ, चहा, कुत्र्याची शिवी. ‘सुई’ करताना माझ्या नाकी नऊ आले, पण जुन्या टेपमध्ये तो ज्याला झापत होता त्याच्या निमित्तानं सूर मिळाला. आणि ‘असू दे’. हा भोंग्याचा जुना पालुपदासारखा शब्द. माझ्या हातून कुणाची कॉलर जळली, असू दे. गाडी चुकली, असू दे. माझ्यासारख्या डूख धरणाऱ्या बाईबरोबर तो एवढी वर्षं राहिला ते बहुधा याच दोन शब्दांवर. डेपोच्या सूचनांत ‘असू शकते’ होतं, ‘देण्यात येत आहे’ होतं. जोड इतका सुरेख बसला की मीच तो पुन्हा पुन्हा वाजवून ऐकला.

एका दुपारी मी टॅबलेट टेबलावर घेऊन बसले होते. भोंगा समोर पेपर वाचत होता. दारात गोडबोल्या उभा. टाय नाही, दाढी वाढलेली. त्याला हसायचं कसं ते आठवत नव्हतं बहुतेक. मी आत ये म्हटलं नाही. तो उंबऱ्यापाशीच बोलला, आणि माझ्याशी नाही, भोंग्याशी.

“काका, ती चिठ्ठी मी वाचली होती. पुसायचं बटण मीच दाबलं. न पुसता दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि महिनाअखेर होती. मला वाटलं, गाणीबिणी असतील. नोकरीसाठी आलो नाही. ती घोषणा कानातून जात नाही माझ्या. तुम्ही शिवी द्या हवं तर, पण एकदा माझ्याशी बोला.”

वाचली होती. वाचून दाबलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भोंगा मात्र उठला आणि टॅबलेटसाठी त्यानं माझ्यापुढे हात केला. तो कुठल्या चित्रावर बोट ठेवणार हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते आधीच आलं होतं. इतकं होऊन, इतकं करून, या माणसाला तो दोन शब्दांत सोडणार होता, आणि ते दोन शब्द मी जोडले होते.

मी ‘असू दे’च्या चित्रावर बोट दाबून धरलं. टॅबलेटनं विचारलं, काढून टाकायचं? मी हो म्हटलं. कॉम्प्युटरवरही त्याची प्रत ठेवली नव्हती मी, थेट टॅबलेटमध्येच घातला होता. मग टॅबलेट त्याच्या हातात दिला.

त्यानं चित्रं सरकवली. पुन्हा वरपासून सरकवली. आणि मग त्यानं वर पाहिलं, दाराकडे नाही, माझ्याकडे. मी शिलाई मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. त्यानं टॅबलेट खाली ठेवला. दाराशी गेला, गोडबोल्याला दंडाला धरून आत आणलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तो पोरगा, म्हणजे पोरगाच म्हणायचा, रडला. नंतर नमस्कार करून गेला. सगळं झालं आणि त्यात कुणाला माझ्या कारागिरीची गरज पडली नाही.

तो गेल्यावर मीच बोलले, कुणी विचारलं नव्हतं तरी. म्हटलं, त्यानं वाचून पुसलं. माहीत असून पुसलं. अशाला कसं सोडायचं?

भोंग्यानं मान हलवली, हो, हो, अशी. मग पाटी घेतली. सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. ‘असू दे.’ मला वाटलं, त्या माणसाबद्दल म्हणतोय. तसं मी म्हटलंही. त्यानं नकाराची मान हलवली आणि बोट माझ्याकडे केलं.

मी म्हटलं, मला नको. त्यानं पाटी खाली घेतली नाही.